मानसशास्त्रज्ञाची सनद आमच्या लेकींच्या हाती कधी?

गेल्या महिन्यात माण तालुक्यातील एक मुलगी वडिलांना सोबत घेऊन आमच्या साताऱ्याच्या कार्यालयात आली. वडील गवंडीकाम करणारे. "जय भीम, साहेब" म्हणून बाकाच्या कडेला टेकले. आम्हाला वाटले, जातपडताळणीचे नाहीतर जमिनीचे काम असेल. मुलीने पिशवीतून बी.ए.ची गुणपत्रिका काढून टेबलावर ठेवली. विषय मानसशास्त्र, गुण चांगले. "सर, वकिलाला सनद मिळते तशी सायकॉलॉजिस्टला कुठं मिळते? कॉलेजात विचारलं, दवाखान्यात विचारलं, जो तो वेगळंच सांगतो." दिवसा झेरॉक्सच्या दुकानात काम करायचे आणि दूरशिक्षणाने एम.ए. करायचे, असा तिचा बेत होता. ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ते दारच बंद केले. आता पुढे काय, हे विचारायला ती आली होती.

आम्ही कायद्याचे विद्यार्थी. तरी या साध्या प्रश्नाचे धड उत्तर द्यायला आम्हाला चार दिवस लागले. कायदे तीन, परिषदा दोन, मंत्रालये वेगवेगळी, आणि परिपत्रकांचा तर नुसता पाऊस. जे कोर्टात रोज कलमे चाळतात त्यांची ही गत, तर दहिवडी-म्हसवडच्या, जत-आटपाडीच्या पोरांनी काय करायचे? म्हणून हा विषय आज येथे मांडत आहोत.

आमच्या वेळी आमचा रस्ता अडचणींचा होता, पण सरळ होता. एलएल.बी. व्हा, बार कौन्सिलकडे अर्ज करा, सनद घ्या, काळा कोट चढवा. आमच्यानंतर, २०१० पासून, त्यात अखिल भारतीय बार परीक्षेची भर पडली, एवढेच. बाबासाहेबांनी १९२३ मध्ये वकिली सुरू केली तेव्हा सनदेच्या पैशासाठी त्यांना नवल भथेना या पारशी मित्राकडे शब्द टाकावा लागला होता. पैशाची ददात होती. पण सनद कोण देतो, कशी देतो, हे तरी ठाऊक होते. मानसशास्त्राच्या बाबतीत आमच्या समाजाला नेमके तेच ठाऊक नाही.

आधी शब्दांचा गुंता सोडवू. गावात मनाच्या डॉक्टरला सरसकट 'वेड्याचा डॉक्टर' म्हणतात. त्यात तीन वेगळी माणसे आहेत. पहिला मनोविकारतज्ज्ञ. तो एम.बी.बी.एस. होऊन पुढे एम.डी. झालेला वैद्यकीय डॉक्टर. औषध लिहून देण्याचा अधिकार त्याचा. दुसरा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. तो औषध देत नाही. तपासणी करतो, बुद्ध्यांक व इतर चाचण्या घेतो, बोलण्यातून आणि वर्तनातून उपचार करतो. तिसरा समुपदेशक. पहिल्या दोघांना कायद्याची चौकट आहे. तिसऱ्याची पाटी आजवर कोणीही लावत आले आहे. शनिवार-रविवारचा एखादा वर्ग केला, प्रमाणपत्राला चौकट बसवली की झाला समुपदेशक!

चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची सनद देते ती दिल्लीची भारतीय पुनर्वसन परिषद. तिचा कायदा १९९२ चा. या कायद्याचे कलम १३ प्रत्येक पालकाने वाचावे असे आहे. परिषदेची मान्यताप्राप्त पात्रता आणि केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव, या दोन गोष्टी नसतील तर त्या माणसाला पुनर्वसन व्यावसायिक म्हणून सरकारी पद धरता येत नाही, देशात कोठेही व्यवसाय करता येत नाही, कायद्याने लागणाऱ्या प्रमाणपत्रावर सही करता येत नाही आणि दिव्यांगांच्या बाबतीत तज्ज्ञ म्हणून न्यायालयात साक्षही देता येत नाही. हे मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपयांत आज काय होते, हे वेगळे सांगायला नको. असो. मुद्दा असा की, ही सही फार मोलाची आहे, आणि ती कोणाच्या हाती आहे याचा हिशेब आपण कधी मांडलाच नाही.

या सहीपर्यंत पोहोचण्याचा वर्षानुवर्षांचा रस्ता असा होता: मानसशास्त्रात बी.ए., मग एम.ए. किंवा एम.एस्सी., मग परिषदेने मान्य केलेल्या संस्थेत दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. या एम.फिल.ला प्रवेशासाठी एम.ए.ला ५५ टक्के गुण, अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्गाला ५० टक्के, आणि त्यावर प्रवेश परीक्षा व मुलाखत. दोन वर्षे रुग्णालयात वरिष्ठांच्या देखरेखीखाली रुग्ण पाहायचे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची जी व्याख्या आहे, तीही याच रस्त्याला धरून आहे. सातारा-सांगलीच्या मुलांची नजर यासाठी पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेकडे लागायची, नाहीतर थेट बेंगळुरूचे निमहान्स आणि रांची. सरकारी संस्थांत जागा बोटांवर मोजण्याइतक्या आणि त्यासाठी उमेदवारांची झुंबड. खासगीत जागा आहेत, पण शुल्क लाखांत. एका मार्गदर्शकाने किती विद्यार्थी घ्यायचे यालाही मर्यादा आहे, आणि ती योग्यच आहे, कारण येथे शिकायचे ते जिवंत माणसावर. पण मार्गदर्शकच मूठभर असतील तर जागा वाढणार कशा? जागा वाढल्या नाहीत तर उद्याचे मार्गदर्शक येणार कोठून? हे दुष्टचक्र तीस वर्षे चालू आहे.

त्यातच २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. ही पदवीच रद्द केली. पुढे हाकाटी झाल्यावर केवळ क्लिनिकल सायकॉलॉजी आणि मनोविकार समाजकार्य या दोन विषयांपुरती २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदत वाढवून दिली. पुनर्वसन परिषदेने आता बारावीनंतरची चार वर्षांची बी.एस्सी. (ऑनर्स), दोन वर्षांची एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि त्यावर साय.डी. असे नवे टप्पे आखले आहेत. म्हणजे जुनी शिडी काढून घेतली आणि नवी शिडी अजून भिंतीला लागते आहे. शहरातल्या प्राध्यापकाच्या मुलाला कोणत्या पायरीवर पाय ठेवायचा हे घरातच कळते. गवंड्याच्या मुलीला ते कोण सांगणार?

आता राहिले ते इतर मानसशास्त्रज्ञ, म्हणजे एम.ए. होऊन शाळेत, कारखान्यात, संस्थेत काम करणारे. त्यांना या देशात कधी सनदच नव्हती. २०२१ मध्ये संसदेने राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत मानसशास्त्रज्ञ आहे; पुनर्वसन परिषदेच्या अखत्यारीतला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ तेवढा त्यातून वगळला आहे. प्रत्येक राज्यात परिषद बसवायची, नोंदवही ठेवायची, नोंद असल्याशिवाय व्यवसाय नाही, असा हा आराखडा. कायदा चांगला. पण तीन वर्षे लोटली तरी राज्ये हलेनात, तेव्हा ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दोन महिन्यांत अंमलबजावणी करा असे बजावावे लागले. एप्रिल २०२५ मध्ये उपयोजित मानसशास्त्राचा नवा अभ्यासक्रम केंद्राने जाहीर केला. आणि त्याच वर्षी, याच कायद्याचा हवाला देऊन, मानसशास्त्र हा विषय दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन शिकवता येणार नाही, असा फतवा निघाला. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून नवे प्रवेश बंद.

येथे आम्हाला जरा थांबले पाहिजे. कारण या निर्णयाला आमच्या काही कार्यकर्त्यांनी 'बहुजनांचे शिक्षण तोडण्याचे कारस्थान' म्हटले आहे, आणि आम्हाला ते संपूर्ण मान्य नाही.

वकिलीची पदवी दूरशिक्षणाने मिळत नाही. डॉक्टरची मिळत नाही. मग दुसऱ्याच्या मनात हात घालण्याचे शिक्षण टपालाने आलेल्या पुस्तकांवर कसे होईल? आत्महत्येच्या काठावर उभ्या असलेल्या पोराशी काय बोलावे आणि काय बोलू नये, हे स्वाध्यायपुस्तिकेत शिकता येत नाही. अर्धवट शिकलेल्या माणसाच्या हाती रुग्ण गेला तर पहिला बळी गरिबाचाच जातो, कारण श्रीमंत दुसऱ्या तज्ज्ञाकडे जाऊ शकतो. तेव्हा दर्जाचा आग्रह आम्हाला परका नाही. उलट दर्जाची सर्वांत जास्त गरज आम्हालाच आहे.

पण मग दुसरी बाजूही बोला. इग्नूचे एम.ए. मानसशास्त्र आजवर कोणी केले? नोकरी सांभाळणाऱ्यांनी, लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलींनी, अंगणवाडीसेविकांनी, आश्रमशाळेतल्या शिक्षकांनी, वसतिगृहाच्या अधीक्षकांनी. ज्यांना पुण्यात दोन वर्षे खोली घेऊन राहणे परवडत नाही, अशांनी. दूरशिक्षण बंद करताना त्यांच्यासाठी तालुक्याच्या गावी नियमित वर्ग निघाले का? संध्याकाळचे वर्ग निघाले का? शिष्यवृत्ती वाढली का? तसले काही आमच्या तरी कानावर आलेले नाही. दार बंद करण्याचे परिपत्रक दोन पानांत निघते. दार उघडायला मात्र इमारत, प्राध्यापक, पदमंजुरी आणि अर्थखात्याची सही लागते, आणि तिथे गाडी अडते. आमची तक्रार नियमाबद्दल नाही, या वेळापत्रकाबद्दल आहे.

कोणी म्हणेल, मानसशास्त्रज्ञ कोणत्या जातीचा आहे याने काय फरक पडतो? मनाला का जात असते? या प्रश्नाचे उत्तर सातारा जिल्ह्याच्या मातीतच आहे. बाबासाहेबांचे शाळेत नाव घातले गेले ते ७ नोव्हेंबर १९०० रोजी, साताऱ्याच्या सरकारी शाळेत. महाराष्ट्र शासन आता तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळते. पण त्यानंतरच्याच वर्षीची गोष्ट भाषणांत फारशी सांगितली जात नाही. सुभेदार रामजी तेव्हा खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपाल होते. सुटीत त्यांना भेटायला भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुले नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कोणी आले नाही, कारण पत्र वडिलांपर्यंत पोहोचलेच नव्हते. कौतुकाने चौकशी करणारा स्टेशनमास्तर जात ऐकताच मागे सरला. बैलगाडीवाले तयार होईनात. दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने शेजारून चालायचे, असा करार झाला. जेवणाचा डबा सोबत होता, पण रात्रभर त्या मुलांना पाणी मिळाले नाही. तो नऊ वर्षांचा मुलगा पुढे जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांतून शिकून आला, आणि तरीही ही रात्र त्याने कित्येक वर्षांनी बारीकसारीक तपशिलांसह लिहून ठेवली.

मनावरची जखम कशी राहते हे समजायला याहून वेगळे पाठ्यपुस्तक कशाला हवे? आता कल्पना करा, की तसाच एखादा मुलगा आज समुपदेशकासमोर बसला आहे आणि वर्गात काय घडले ते सांगतो आहे. समोरच्याला ते कळायला हवे. आमच्या एका अशिलाचा मुलगा अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट सोडून घरी बसला. एका मोठ्या शहरातल्या समुपदेशनकक्षात त्याला सांगण्यात आले, "तू फार मनाला लावून घेतोस. या गोष्टी आता कुठे राहिल्यात?" पोरगा परत गेला नाही. समुपदेशक दुष्ट नव्हता. त्याच्या जगात त्या गोष्टी खरोखरच नव्हत्या.

रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला, डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ रोजी. दोघांच्या आयांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मिळून याचिका केली. अशा प्रत्येक मृत्यूनंतर 'नैराश्य' हा शब्द पुढे करून संस्था हात झटकतात. छळाला आजाराचे नाव दिले की आरोपी सुटतो. म्हणून आम्हाला मानसशास्त्रज्ञ हवे आहेत ते आमच्या पोरांना आजारी ठरवायला नव्हे. छळ कोठे संपतो आणि आजार कोठे सुरू होतो हे ओळखून तसे कागदावर लिहिण्याची ज्यांची हिंमत आहे, असे हवेत. त्यांच्या सहीला कोर्टात किंमत आहे, हे वर सांगितलेच आहे.

कोर्टाचेच बोलू. बालकांच्या लैंगिक छळाचा पोक्सो कायदा, त्याचे कलम ३९ सांगते की खटल्यापूर्वी आणि खटल्याच्या वेळी मुलाला मदत करायला मानसशास्त्राचे ज्ञान असणारी माणसे असावीत. बालन्याय कायदा, २०१५, कलम १५: सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर अघोर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याला प्रौढ म्हणून उभे करायचे की नाही हे ठरवण्यापूर्वी त्याची मानसिक क्षमता तपासायची. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार सदस्य नसेल तर बाहेरच्या मानसशास्त्रज्ञाची मदत घेतलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले. कायदा कसा भरभक्कम दिसतो! प्रत्यक्षात एका प्रकरणात आम्ही पीडित मुलीच्या बाजूने सरकारी वकिलांना साहाय्य करत होतो. मुलगी आठ वर्षांची. सोबत बसायला माहीतगार माणूस मिळेना म्हणून तारीख दोनदा पुढे गेली. तिसऱ्या तारखेला तिच्याजवळ तिची आजी बसली आणि आजीच रडू लागली. त्या दिवशी आम्हाला आमची पदवी अपुरी वाटली.

आणि हे काही कोर्टापुरते नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ प्रमाणे मतिमंदत्वाचे किंवा अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र हवे तर मानसशास्त्रज्ञाची चाचणी लागते. प्रमाणपत्र नाही तर पेन्शन नाही, सवलत नाही, परीक्षेत जादा वेळ नाही. आटपाडीकडची एक आई पोराला काखोटीला मारून दोन एसटी बदलून येते आणि खिडकीवर ऐकते, "आज सायकॉलॉजिस्ट नाहीत, पुढच्या बुधवारी या." तिची बुडालेली रोजंदारी कोणत्या रकान्यात भरायची? बुद्ध्यांकाची बिने-कामत चाचणी १९३० च्या दशकात डॉ. कामत यांनी मुंबई-कर्नाटकातल्या मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. म्हणजे जत-मिरजेच्या पोरांची बोली समजून घेण्याचे काम नव्वद वर्षांपूर्वी एका माणसाने मनावर घेतले होते. नंतर नागपूरला डॉ. मॅलिन यांनी वेक्सलर चाचणी आपल्याकडच्या मुलांसाठी बेतली. पण चाचणी घेणाऱ्यालाच पालावरच्या मुलाची, ऊसतोड मजुराच्या मुलाची भाषा कळत नसेल, तर गप्प बसलेले हुशार पोर कागदावर मंद ठरते. असे किती ठरले असतील, कोण जाणे.

ठाणे, येरवडा, रत्नागिरी, नागपूर अशी राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये. सातारा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत तीस लाख, सांगलीची अठ्ठावीस लाखांवर. दोन्हीकडे असे रुग्णालय नाही. देशातल्या दर एक लाख लोकांमागे मनोविकारतज्ज्ञ ०.७५, हा आकडा संसदेच्या समितीनेच २०२३ मध्ये सांगितला, आणि हवेत ते तीन. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. या पाहणीत बारा राज्ये घेतली होती. पुरोगामी महाराष्ट्र त्यात नव्हता! ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे गेली. घरे वाहिली त्याचे पंचनामे झाले. ज्यांच्या डोळ्यांसमोर आपली माणसे बुडाली, त्यांच्या मनाचा पंचनामा करायचा रकाना तलाठ्याच्या फॉर्मवर नसतो.

ही पोकळी रिकामी राहत नाही. तिथे देवऋषी बसतो, मांत्रिक बसतो. जून २०२२ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळला एकाच कुटुंबातल्या नऊ जणांचे मृतदेह सापडले. आधी कर्जापायी सामूहिक आत्महत्या म्हटले गेले. मग पोलिसांनी मांत्रिकाला पकडले आणि गुप्तधनाच्या नादातून विषप्रयोग झाल्याचे सांगितले. शिकलेले, नोकरदार कुटुंब होते. सातारचेच डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९९१ मध्ये 'परिवर्तन' व्यसनमुक्ती केंद्र उभे केले, आयुष्यभर अंधश्रद्धेशी झगडले, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची हत्या झाल्यावरच जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारझोड करणे, उपचारांपासून रोखणे आज गुन्हा आहे. पण मांत्रिकाकडे जाऊ नको म्हटले की आई विचारते, मग कुठे जाऊ? तिला पत्ता देता आला पाहिजे. १४४१६ हा टेलिमानसचा फुकट क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून आहे. तो निदान विहारातल्या फळ्यावर लिहून ठेवा. आणि एक गोष्ट घरातली म्हणून सांगतो. भिंतीवर तथागतांची तसबीर आणि उंबऱ्याला काळी बाहुली, असे चित्र आमच्या वस्त्यांतही दिसते. मनाला अग्रस्थान देणारा धम्म आपण स्वीकारला. मनाच्या आजाराबद्दल बोलायला मात्र आपण अजून लाजतो. पोरीचे लग्न मोडेल या भीतीने तिला पाच वर्षे डॉक्टरला न दाखवणारे घर आमच्या नात्यातच आहे.

आता कायद्याच्या हत्यारांकडे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेव साहा प्रकरणात मानसिक आरोग्य हा अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे सांगितले आणि शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमण्याचे निर्देश दिले. अनुसूचित जाती-जमाती व इतर वंचित घटकांतील विद्यार्थ्यांशी संवेदनशीलतेने कसे वागावे याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्या, असेही त्यात आहे. या दोन जिल्ह्यांतली शंभरावर पट असलेली विद्यालये, महाविद्यालये, आश्रमशाळा, भरतीपूर्व अकादम्या मोजा. एवढ्या जागांवर कोण बसणार? ज्यांच्याकडे आज पदवी आहे तेच. आमची पोरे पदवीपर्यंत पोहोचेपर्यंत या जागा भरून गेलेल्या असतील, हे चालू क्षणाचे खरे दुखणे आहे.

दुसरे हत्यार अधिक धारदार आहे आणि त्याकडे कोणाचेच लक्ष नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम ३१. मनुष्यबळ वाढवण्यासाठी उच्च शिक्षणसंस्थांच्या सहकार्याने शिक्षण-प्रशिक्षणाचे कार्यक्रम सरकारने आखावेत आणि राबवावेत, असे त्यात बंधन आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात आंतरराष्ट्रीय निकषांइतके मानसिक आरोग्य व्यावसायिक उभे करण्याचा प्रयत्न कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत करायचा आहे. कायदा लागू झाला २९ मे २०१८ रोजी. मुदत संपते २९ मे २०२८ रोजी. कलम १८ तर जातीचे नाव घेऊन सांगते की, उपचारांत भेदभाव चालणार नाही.

तेव्हा मागणी सरळ आहे. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे, साताऱ्याचे २०२१ पासून. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की मनोविकारशास्त्र विभाग असावाच लागतो. म्हणजे रुग्ण आहेत, वरिष्ठ आहेत, इमारत आहे. तेथे पुनर्वसन परिषदेच्या मान्यतेने क्लिनिकल सायकॉलॉजीचा नवा अभ्यासक्रम सुरू करा, विद्यावेतन द्या, आरक्षणाच्या जागा भरा. संशोधकांना अधिछात्रवृत्ती देणाऱ्या बार्टीने या अभ्यासक्रमासाठीही योजना आखावी. दूरशिक्षण बंद केले ना? मग तालुक्याच्या गावी सकाळ-संध्याकाळचे नियमित वर्ग काढा. कर्मवीरांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली तेव्हा पैसा नव्हता, तरी मुले होती म्हणून शाळा निघाली. आता निदान वसतिगृहे तरी आहेत.

आई-बापांना थोडे व्यवहाराचे. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेचे आणि अभ्यासक्रमाचे नाव पुनर्वसन परिषदेच्या यादीत, त्या वर्षासाठी आहे का, हे स्वतः पाहा. जाहिरातीवर जाऊ नका. 'डिप्लोमा इन कौन्सेलिंग' नावाखाली पन्नास हजार उकळणाऱ्याला एकच विचारा: यानंतर कोणत्या नोंदवहीत नाव लागते? अडखळला तर उठून या. बारावीची मुले असतील त्यांनी नव्या चार वर्षांच्या पदवीची चौकशी आत्ताच करावी. ज्यांनी दूरशिक्षणाने आधीच प्रवेश घेतला आहे त्यांनी घाबरून सोडू नये. बंदी नव्या प्रवेशांना आहे. जातवैधता, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर लागत असेल तर ते, सारे जूनच्या आधी काढून ठेवा. दाखल्यापायी जागा गेलेली पोरे आम्ही फार पाहिली.

त्या मुलीला आम्ही हे सर्व कागदावर लिहून दिले. तिने शांतपणे वाचले आणि विचारले, "सर, नियमित एम.ए.ला सातारला खोली किती रुपयांत मिळेल?" वडील म्हणाले, "साहेब, स्वाधार योजनेचा फॉर्म कुठं भरायचा तेवढं सांगा, बाकी मी बघतो." फॉर्म भरून झाला आहे. सोबत आम्ही दोन्ही जिल्ह्यांच्या शल्यचिकित्सकांकडे माहिती अधिकाराखाली अर्ज टाकला आहे: चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची मंजूर पदे किती, भरलेली किती, रिकामी किती आणि कधीपासून. कायद्याने तीस दिवसांत उत्तर यायला हवे. आले की याच जागी छापू.